एन्थाल्पी रस्ता विचारत नाही

भोसरीहून चाकणला जायला मोशीचा सरळ रस्ता असताना रोज चऱ्होली-आळंदीचा वळसा घालणारा माणूस जगात एकच. आमच्या लॅबचे बिराजदार साहेब. दुर्दैवानं त्यांच्या स्कूटरवर मागे मी बसतो.

मी कंत्राटी. परमनंट होणं हजेरीवर अडलंय, आणि हजेरीत नुसते लेटमार्क. तक्रार केली की साहेब एन्थाल्पी काढतात.

"एन्थाल्पी म्हणजे वायूत साठलेली उष्णता समज. वायू आधी तापवून मग दाब, नाहीतर आधी दाबून मग तापव. शेवटी तापमान आणि दाब तेच आले, की एन्थाल्पीतला फरक तेवढाच. ती रस्ता विचारत नाही राव!"

"ती नसेल विचारत, साहेब. एचआरवाले विचारतात."

"त्यांचं थर्मोडायनॅमिक्स कच्चं हाय."

भट्टीतल्या वायूंचा हिशेब करून करून यांच्या डोक्यात ही वाफ भरली आहे. चहात दूध आधी की साखर आधी, यावर कॅन्टीनवाल्याला व्याख्यान. शेजाऱ्याच्या पोरानं पळून जाऊन लग्न केलं, तेव्हा रडणाऱ्या बापाला म्हणाले, "सुरुवातीची अवस्था बघा, शेवटची बघा. मधलं सोडा." बाप मारायला धावला. मी तिथे असतो तर त्याला अडवलं नसतं.

परवा चऱ्होलीत नव्या इमारतींपाशी स्कूटर रोजच्यासारखी बंद पडली. साहेब रोजच्यासारखे प्लग पुसू लागले. प्लग लख्ख.

"विकून टाका हा डबा!" मी वैतागलो.

त्यांचं लक्षच नव्हतं. समोरच्या फाटकाशी एक गरोदर बाई कंपनीच्या बसची वाट बघत उभी होती. नाकडोळे हुबेहूब साहेबांचे. लॅबमधली कुजबुज मला ठाऊक होती: मुलीनं मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून साहेबांनी तिला दार बंद केलं. जगाला मधलं सोडायला सांगणारा हा शहाणा!

"सातवा लागला असंल," ते प्लगकडे बघत पुटपुटले.

"पहिलं बाळंतपण माहेरी असतं, साहेब."

"तिची आई नाही आता. अन् मी कोणत्या तोंडानं बोलावू?"

"ह्याच तोंडानं. जा."

त्यांनी घाईघाईनं प्लग बसवला. "चल, चल. तुला उशीर होईल."

इतक्या महिन्यांत त्यांना माझा उशीर पहिल्यांदाच आठवला होता. मी स्कूटरची किल्ली काढली आणि खिशात घातली.