वर्तकबाईंची रविवारची वाइन

दर रविवारी दुपारी चार वाजता आमच्या शेजारच्या वर्तकबाई ओटीच्या कठड्याशी उभ्या राहतात, तोंडात वाइनचा घोट खळखळवतात आणि समोरच्या केळीच्या बुंध्यात थुंकतात. नेम चुकत नाही. अडतीस वर्षं शेवटच्या बाकावर खडू मारण्यात गेली आहेत, अंतराचा अंदाज पक्का.

हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मासळीवाली द्वारकी डोक्यावरच्या पाटीसकट फाटकातच थांबली.

"बाय, आवरत न्हाय तं तोंडात घेता कशाला?"

"आवडतं म्हणून."

"मंग थुकता कशाला?"

"शिकतेय म्हणून."

द्वारकीनं माझ्याकडे पाहिलं. मी केळीकडे पाहिलं.

आमच्या रेवदंड्यात पिणाऱ्यांच्या दोनच जाती. एक, खाडीच्या बांधामागे बसून पिणारे. दुसरे, पीत नाही असं सांगणारे. पासष्टीची बाई, सुती साडी, गळ्यात साखळीला लटकलेला चष्मा आणि सगळ्या आळीसमोर हातात लाल वाइनचा पेला, ही तिसरी जात बाईंनी एकटीनं काढली. एकटीनं म्हणणं तसं चूक आहे, कारण त्यात मीही होतो.

बाईंनी मला आठवीपासून दहावीपर्यंत विज्ञान शिकवलं. आता मी त्याच शाळेत भूगोल शिकवतो आणि बाईंच्या वाडीला लागून राहतो. माझं वय सेहेचाळीस आहे, पण कुंपणापलीकडून "सुधीर, इकडे ये" अशी हाक आली की मी अजूनही हातातला चहा ठेवून उठतो.

दीड वर्षापूर्वी बाई लेकीच्या बाळंतपणाहून पुण्याहून परत आल्या आणि चौथ्या दिवशी माझ्या हातात चिठ्ठी दिली. "अलिबागला जातोयस ना? एवढं आण." मला वाटलं, गुडघ्याचं औषध. रिक्षात बसल्यावर उघडून पाहिलं, तर बाईंच्या वळणदार अक्षरात नाशिककडच्या एका वाइनचं नाव. दुकानात मी ती चिठ्ठी गुपचूप सरकवली. दुकानदारानं ती खणखणीत आवाजात वाचली. मागे वळलो तर आमचे हेडमास्तर उभे. ते म्हणाले, सोडा घ्यायला आलोय. मी म्हणालो, बाईंचं औषध. त्या दिवसाविषयी आम्ही दोघं आजवर बोललेलो नाही.

पहिल्या रविवारी बाईंनी पेला माझ्या नाकाखाली धरला. "गिळायचं नाही. आधी नाक! सांग, कसला वास येतोय?"

"वाइनचा."

"शून्य मार्क."

बाईंनी एक इंग्रजी पुस्तक मागवलं होतं. त्यात वासांची यादी होती, पण त्यातली निम्मी फळं आमच्या तालुक्यात कुणी पाहिलेली नव्हती. बाईंनी ती पेन्सिलीनं खोडून दुरुस्त केली. ब्लॅककरंटच्या जागी करवंद. ओकच्या जागी जुन्या होडीचं लाकूड. चामड्याच्या जागी एसटीची सीट. "आपण जे हुंगलंय तेच म्हणायचं," हे त्यांचं पालुपद. दुसरं पालुपद, "आधी तू." आधी मी वास सांगायचा. बाई डोळे मिटून ऐकायच्या, मान डोलवायच्या आणि मग घोट घेऊन आपला निकाल द्यायच्या, "तुरटपणा जांभळाच्या बीइतका. आंबट आहे, पण आमसुलाच्या पासंगाला पुरत नाही." त्यात वाद घालायची सोय नव्हती. मला वाटायचं, ही शिक्षकी सवय. उत्तर आधी पोराकडून काढायचं.

आता माझ्या नाकाविषयी. त्याला खडूची धूळ आणि चहा यापलीकडे फारसं जग ठाऊक नाही. दोन रविवार मी प्रामाणिकपणे नापास झालो. तिसऱ्या रविवारी वैतागून म्हणालो, "ओला सुंभ, बाई."

"वा!" बाई म्हणाल्या.

सबंध शाळकरी आयुष्यात बाईंनी मला 'वा' म्हटलं नव्हतं. त्या एका 'वा'नं मी बिघडलो. वासाचा पुरावा मागता येत नाही हे माझ्या लक्षात आलं आणि माझी प्रतिभा मोकाट सुटली. फणसाचे गरे काढल्यावर उरलेली चारखंडं. पावसाळ्यात मिटून ठेवलेली छत्री. एकदा तर मी डोळे अर्धवट मिटून म्हणालो, "आगरदांड्याच्या फेरीबोटीचं डिझेल. अगदी किंचित."

"डिझेल? नक्की?" बाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"नक्की."

त्या दिवशी बाई उरलेला वेळ पदराचं टोक बोटांत धरून बसल्या. मला वाटलं, माझ्या बारकाव्यानं भारावल्या.

घरी बायको म्हणाली, "तुम्हाला फोडणी करपलेली कळत नाही आणि वाइनमधलं डिझेल कळतं?" मी तिला समजावलं, की ही नाकं वेगळी असतात.

मग नागावचा मिलिंद आला. तोही बाईंचा विद्यार्थी. समुद्राजवळच्या वाडीत त्यानं पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्यात. त्याला बाईंच्या रविवारची बातमी द्वारकीकडून लागली होती. "बाई, शनिवारी संध्याकाळी आमच्या पाहुण्यांना थोडं शिकवा की." बाई आधी नाही म्हणाल्या, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सुधीर येणार असेल तर येते."

शनिवारी बाई इरकल नेसल्या. रिक्षात म्हणाल्या, "आज नीट हुंग हं. घाई करू नकोस." आवाजात विनवणी होती. मी ती ऐकली आणि पोपटी शर्टाची कॉलर सारखी केली.

बारा-तेरा पाहुणे होते, बहुतेक मुंबईचे. पहिल्या दोन बाटल्या झकास गेल्या. एसटीच्या सीटवर सगळे खूश झाले. दोघांनी मोबाइलवर बाईंचं चित्रणही केलं. मीही चढत होतो, न पिता. तिसरी बाटली उघडली तेव्हा एक पाहुणीबाई मला भरती-ओहोटीबद्दल विचारत होत्या आणि मी चंद्र कुठे, पृथ्वी कुठे हे दोन बशा घेऊन दाखवत होतो.

"सुधीर, आधी तू."

मी पेला नाकापर्यंत नेला, हुंगलं नाही, आणि चंद्र खाली न ठेवताच म्हणालो, "पिकलेलं करवंद. मागून दालचिनी."

बाईंनी डोळे मिटले. मग सगळ्यांना म्हणाल्या, "पिकलेलं करवंद. हुंगा, मिळेल तुम्हाला."

कुणाला मिळेना. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी एक वयस्कर गृहस्थ हळूच म्हणाले, "बाई, माफ करा, पण हिला कुबट वास येतोय. बूच खराब झालं असणार."

तेव्हा मी हुंगलं. आषाढभर अंगणात पडलेल्या गोणपाटाचा वास होता. सर्दी झालेल्या माणसाला फाटकातून कळला असता. कोपऱ्यातलं एक तरुण जोडपं फिसकन हसलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. जिना उतरताना पायरी चुकलेल्या माणसासारखा चेहरा झाला होता. मग त्या पाहुण्यांना म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. चूक माझी."

'चूक बाईंची नाही, माझी आहे,' एवढंच म्हणायचं होतं मला. मी चीजचा तुकडा तोंडात टाकला.

पुढच्या रविवारी हाक आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या रविवारी मी आपणहून गेलो. बाई ओटीवर वाल सोलत होत्या.

"बाई, मी त्या दिवशी हुंगलंच नव्हतं. थाप मारली. आधीही मारल्यात."

"किती?"

"बऱ्याच."

"डिझेल?"

"तीपण."

बाई हसल्या. मग हात थांबला. "मला वास येत नाही, सुधीर. कसलाच. नात व्हायच्या आधी ताप आला होता ना, त्यात गेला. जिभेला आंबट-तुरट कळतं, तेवढंच. डॉक्टर म्हणाले, रोज काहीतरी हुंगत राहा, आलाच तर परत येईल. कापूर झाला, लवंग झाली. मग कुठेतरी वाचलं, वाइनवाले नाकाला वळण लावतात. म्हटलं, करून बघू."

मी त्यांच्या पुढ्यातला एक वाल उचलून सोलू लागलो.

"पण तू नाव घेतलंस की आठवायचं," बाई म्हणाल्या. "करवंद म्हणालास की करवंद. डिझेल म्हणालास ना, तेव्हा लग्नानंतर ह्यांच्याबरोबर आगरदांड्याहून दिघीला गेले होते ती बोटच आठवली. माझ्या साडीला डाग पडला होता. थाप होती तर होती."

"लेकीला सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर पुण्याला घेऊन गेली असती. वाडी कोण बघणार?" त्यांनी एक वाल सोलला, मग तसाच हातात धरून ठेवला. "नातीला तीन महिने न्हाऊ घातलं. वेखंड, ओव्याची धुरी, सगळं केलं. रोज हुंगायचे तिला. नुसत्या पाण्याचा पेला हुंगावा, तसं."

मे महिन्यात लेक नातीला घेऊन आली. दीड वर्षाची पोर, दिवसभर समुद्रावर. एका दुपारी कुंपणापलीकडून हाक आली. गेलो, तर लेक न्हाणीघरात होती आणि पोर बाईंच्या मांडीवर गाढ झोपलेली.

"हिचं डोकं हुंग," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "बनवू नकोस."

मी गुडघे टेकले. आयुष्यात पहिल्यांदा घाई केली नाही.

"खोबरेल," मी म्हणालो. "खाली घामाचा, थोडा आंबूस. कानामागे खारट, वाळू असावी. बिस्किटाचा पण आहे."

"दुधाचं बिस्किट?"

"हो. आणि अजून एक आहे बाई. त्याला नाव नाही सापडत. ऊबदार आहे."

"ऊबदार," बाई म्हणाल्या. त्यांनी मान खाली घातली आणि त्या विस्कटलेल्या केसांत नाक खुपसलं. मी उठायला लागलो, तर त्यांनी एका हातानं माझी बाही धरली.

"थांबू नकोस," त्या केसांतूनच म्हणाल्या, "सांगत राहा."

मी पुन्हा वाकलो.