गुबूलला इचारलं का?

कशेळ्याची जीप भरल्याशिवाय सुटत नाही, हे कर्जतच्या स्टँडवर कुणालाही विचारा. बाळारामकाकाची जीप मात्र भरूनही सुटत नाही. पुढे तिघं, मधे चौघं, मागे गुडघ्याला गुडघा लावून सहा, टपावर कोंबड्यांची पाटी, एवढा सगळा ऐवज जमला की काका चावी लावतो, एकदा पीं करून हॉर्न मारतो आणि मागे मान वळवून विचारतो, "हां, आता सांगा. रिझोनं केलं ते बरोबर का चूक?"

चार जणांचं मत घेतल्याशिवाय चावी फिरत नाही.

रिझो हा गावातला कुणी नाही. तो कार्टूनमधला पोरगा आहे. मराठीत डब केलेलं कार्टून. वय वर्षं बारा, अनुभव शून्य. त्या दुनियेत प्रत्येक पोराला एक जनावर मिळतं, त्याला शिकवायचं आणि स्पर्धेत उतरवायचं. रिझोला मिळाला गुबूल. अंग मांजराचं, तोंड घुबडाचं, पाठीवर पंख, आणि शिंकला की नाकातून निळ्या ठिणग्या. चाळीस भाग ते दोघं एका पांघरुणात झोपले. एकेचाळिसाव्या भागात डोंगरापलीकडून रानातल्या गुबूलांचा थवा आला. रिझोनं आपल्या गुबूलच्या गळ्यातला पट्टा काढला, "जा" म्हणाला आणि पाठ फिरवली. गुबूल उडाला. सीझन संपला.

तेव्हापासून इंटरनेटवर दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते, हीच खरी माया. दुसरी म्हणते, नवशिका तो नवशिकाच, त्याला जनावर कळलंच नाही. बाळारामकाका या दुसऱ्या पार्टीचा तालुका अध्यक्ष.

"माया?" काका म्हणतो आणि चालत्या गाडीत स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलतो. "आरं, पण इचारलं का त्येला? तोंडानं इचारलं का, बाबा गुबूल, तुला जायाचं हाय का ऱ्हायाचं हाय?"

"काका, आधी स्टिअरिंग धरा."

"धरतो. पण इचारलं का?"

मी कर्जतला कॉलेजात जातो, म्हणजे या जीपचा रोजचा पॅसेंजर. नकला करणं हा माझा शाळेपासूनचा धंदा, आणि त्यात काका म्हणजे तयार माल. खालचा ओठ पुढे काढायचा, "इचारलं का" मधला 'का' जिना चढल्यासारखा वर न्यायचा, झाला काका. एकदा मी जीपच्या मागे उभा राहून त्याच्या आवाजात "कशेळे, कशेळे" ओरडलो, तर दोन बाया येऊन बसल्यासुद्धा. काका रागावला नाही. म्हणाला, "आवाज बरा हाय, पण आधी हॉर्न पायजे." गुबूलची शिंकही मीच काढतो. तिला रोज फर्माईश असते.

काकाला हा नाद लावला प्रणालीनं. प्रणाली म्हणजे काकाची धाकटी लेक. ती जेवताना मोबाईल लावून बसायची. काका आधी ताटावरून डोकावायचा, मग ताटच तिच्याजवळ सरकवायला लागला. त्याला टाइप करता येत नाही, म्हणून कॉमेंटी प्रणालीला तोंडी सांगायचा आणि ती शब्दन् शब्द लिहायची. "स.न.वि.वि. आपली कॉमेंट वाचली. रिझोची बाजू घेण्यापूर्वी आपण स्वतः कधी जनावर पाळले आहे काय? कळावे. आपला, बाळाराम, जीपवाले, कशेळे." खाली कुणा पोरानं उत्तर दिलं, "अंकल चिल." काका चार दिवस सगळ्या पॅसेंजरना विचारत होता, चिल म्हणजे शिवी का?

जीपमधले शाळेचे सर एकदा वैतागले. "अहो बाळाराम, ते कार्टून आहे. खरं नाहीये."

"मंग तुमी शाळंत कोल्ह्याची गोष्ट शिकवता, त्या कोल्ह्याचं आधारकार्ड बघितलं का?"

सर त्या दिवसापासून खिडकीबाहेर बघतात.

उलट वरच्या वाडीची सोनूआजी. बाजारात भाजी घेऊन येणारी. ती पहिल्या दिवसापासून चर्चेत मनापासून उतरली, कारण रिझो हा मुरबाडकडचा कुणी पोर असावा अशी तिची तीन आठवडे समजूत होती.

"आमचं बकरू सोडलं तरी सांजच्याला दारात येतंय," ती म्हणाली. "ह्यो गुबूल नाय आला?"

"नाय आला, आजी."

"मंग त्यो पोर त्येला पोटभर खायाला घालत नसंल. बापाचं नाव काय त्याच्या?"

आता, बावन्न वर्षांचा माणूस, गाडीचा क्लच मेलाय त्याची फिकीर नाही, आणि या उडत्या मांजरापायी जीव टाकतोय, याचं मला खरंच कोडं होतं. मी लक्ष ठेवायला लागलो. तर मधेच काकाचे प्रश्न बदलले. रिझो बरोबर का चूक, हे मागे पडलं. एक दिवस म्हणाला, "त्यो थवा चांगला असंल कशावरून?" दुसऱ्या दिवशी, "तिकडं गुबूलला खायाला काय मिळत असंल?" मग एकदा घाटाच्या वळणावर, कुणी काही बोलत नसताना, "आजारी पडला तर सांगंल कुणाला?"

उलगडा सरांनी केला, काका चहाला उतरला होता तेव्हा. प्रणालीचा मिरजेच्या नर्सिंग कॉलेजात नंबर लागला होता. शनिवारपर्यंत तिथे हजर व्हायचं होतं. आठवडा झाला, बाप हो म्हणत नव्हता आणि नाही पण म्हणत नव्हता. शनिवार हुकला की जागा दुसऱ्याला.

मी त्या दिवशी शिंक काढली नाही.

गुरुवारी सकाळी कशेळ्याहून निघताना प्रणाली स्वतः जीपमध्ये होती, पुढे, बापाच्या शेजारी. जीप भरली. चावी लागली. पीं.

"हां, आता सांगा—"

"पप्पा, मी सांगू?"

"तुझं मत मला ठावं हाय गं. तू रिझोवाली."

"गुबूलचं नाही, माझं सांगते. तुम्ही दोन महिने सगळ्या तालुक्याला विचारताय. मला विचारलंत का? जायचंय का राहायचंय?"

तेरा माणसं आणि एक पाटी कोंबड्या, सगळ्यांचं लक्ष काकाकडे. काकाचा खालचा ओठ पुढे आला आणि तिथेच राहिला. शेवटी मागून सोनूआजी म्हणाली, "इचार की रं मंग पोरीला. माझी मेथी सुकाया लागली."

काकानं समोरच्या काचेकडे बघत विचारलं, "जायाचं हाय का?"

"हाय."

"ऱ्हायाचं नाय?"

"ऱ्हायाचं पण हाय, पप्पा. पण जायाचं जास्त हाय."

एरवी ती पुस्तकातलं बोलते. त्या दिवशी बापाच्या बोलीत बोलली. काकानं चावी फिरवली. गाव मागे पडेपर्यंत गाडी पहिल्या गियरमध्येच होती.

शुक्रवारी तो तिला कर्जत स्टेशनला सोडायला आला. पुढे मिरजेपर्यंत तिचा मामा जाणार होता. काकाला म्हटलं, तुम्ही का जात नाही, तर म्हणाला, "मंग गाडी कोण चालवंल?" बॅगा उतरवल्या. प्रणाली पाया पडली. काका रस्त्याच्या मधोमध उभा राहून बघत राहिला. ती पुलाचा जिना चढून दिसेनाशी झाली तरी बघत राहिला. मागे रिक्षांची रांग लागली.

"ओ काका, गेले ना पॅसेंजर? काढा की गाडी!"

"काढतो रं. जरा दिसू दे."

समोर नुसती स्टेशनची भिंत होती.

पंधरा दिवसांनी कार्टूनचा नवा सीझन आला. मी कॉलेजच्या कट्ट्यावर बेचाळिसावा भाग बघितला आणि धावत स्टँडवर आलो. "काका! आला! आणि गुबूल काय करतो माहिताय—"

काकानं हॉर्नवर हात ठेवला. मी तोंड मिटेपर्यंत उचलला नाही.

"बोलायचं नाय."

"अहो, पण तुम्हीच तर—"

"प्रणालीनं नाय बघितला अजून. हॉस्टेलच्या पोरी बघतात, ही कानात बोटं घालून बसते. फोनवर ठरलंय आमचं. दिवाळीला येईल, तवा दोघांनी एकदम बघायचा."

तेव्हापासून जीपमध्ये कडक बंदी आहे. सोनूआजी अजून रोज विचारते, "आला का रं त्यो गुबूल घरी?" आणि ज्यांनी बघितलंय ते सगळे आपापल्या चपला बघायला लागतात. सर तिला हळूच म्हणतात, "आजी, दिवाळीनंतर." म्हणजे सरांनीही बघितलाय. तुम्हालाही मी सांगणार नाही. तुम्ही कधी या जीपमध्ये बसाल आणि तुमच्या तोंडून सटकेल.

काका फक्त एकदा ढिला पडला. परवा, कशेळ्यात सगळे उतरले आणि मी एकटाच पुढे उरलो होतो. गाडी बंद केली, पण उतरला नाही. फडक्यानं काचेचा एकच कोपरा पुसत बसला.

"येवढंच सांग रं," म्हणाला. "पुढचं काय नको. त्यो बरा हाय ना?"

"बरा हाय, काका."

"जेवतो-बिवतो?"

"जेवतो."

"बास," काका म्हणाला. "बास. आता पुढं नको सांगूस."