चाच्याचे बूट

माझं वेशभूषेचं दुकान आहे, तिसऱ्या मजल्यावर, राहत्या घरातच. कपडे भाड्याने देतो. राजा, शिपाई, पोस्टमन, भूत, सगळे खुंटीवर महिनोन्महिने लोंबकळतात. समुद्री चाचा तेवढा खुंटीवर टिकत नाही. घरात झुरळ निघालं की खुर्चीवर चढणारी माणसं, पण काळा कोट आणि गुडघ्यापर्यंत बूट चढवले की छाती फुगते. खरा चाचा म्हणजे आंघोळ न केलेला दरोडेखोर. गिऱ्हाइकाला मी हे सांगतो. कुणी ऐकत नाही.

कपड्यांची डागडुजी बायको करते. राजाचा अंगरखा ती झटकते नि टांगते. चाच्याचा कोट मात्र मांडीवर घेऊन मखमलीवरून सावकाश हात फिरवते. इतक्या वर्षांत माझ्या सदऱ्यावरून तिने असा हात फिरवला नाही. (इस्त्री फिरवली. ती मी धरत नाही.)

एका दुपारी ती जिन्यात शेजारणीशी बोलत होती. मी मनात म्हटलं, तो कोट एकदा आपण घालावा. तिने दारात येऊन पाहावं, एवढंच.

बटणं लागली नाहीत, पण चाच्याची छाती उघडीच असते. (माझी पांढरी आहे. चाचेही म्हातारे होत असतील.) बूट जोर लावून चढवले. कमरेवर हात ठेवून उभा राहिलो.

बायको आली. तिने पाहिलं.

"अहो, बँकेतले ते गृहस्थ चाच्याचे कपडे न्यायला येतायत. सकाळी तुम्हीच कबूल केलंत."

मी बूट ओढले. निघेनात. तेवढ्यात गिऱ्हाईक दारात. काटकुळा, चष्मेवाला.

"हाच का?" माझ्याकडे बघत त्याने विचारलं.

"कपडे हेच," बायको म्हणाली. "आतला माणूस काढायचाय."

मी दाराची चौकट धरली. एक बूट तिने ओढला, एक त्याने.

"काकू, आमची होणारी बायको मला म्हणते, तुम्ही फारच सभ्य आहात," तो धापा टाकत म्हणाला. "म्हटलं, आज ऑफिसच्या पार्टीत जरा दांडगं दिसावं."

"मग आधी दांडगेपणाने ओढा."

बूट निघाला तेव्हा चष्मेवाला बायकोच्या शिलाई मशीनखाली गेला होता. उठला, चष्मा शोधला, कपडे घेतले आणि सभ्यपणे आभार मानून गेला.

माझ्या टाचा सोलल्या होत्या. बायको मलम लावायला बसली.

"कुणाला दाखवायला घातलंत?"

"तू त्या कोटावरून हात फिरवतेस."

"टाचणी राहिली का बघते. मखमलीत दिसत नाही. मागे एकाला टोचली."

"म्हणजे चाचा आवडत नाही तुला?"

"असला घामट माणूस दारात आला तर आधी मोरीत पाठवीन."

मला बरं वाटलं. इथे गप्प बसायला हवं होतं.

"मग दुकानातला कोण आवडतो?"

तिने उत्तराला वेळ लावला नाही. मला तो लावलेला चालला असता.

"पोस्टमन. दारात येतो, हातात देतो, निघून जातो. चहा झाला का विचारत नाही."

पोस्टमनचा वेश मी आता भाड्याने देत नाही. खरा पोस्टमन आला की दाराशी मीच जातो. निवृत्तीला आलाय बिचारा, तीन जिने चढून दम लागतो त्याला. पण पाणी विचारत नाही मी.