न्हाणीतला पंखा आन् आमचं आप्पा

आमचं आप्पा म्हंजे माझ्या मालकांचं चुलतं. वडगावात घरोघरी माग, तसा ह्येंचाबी हाय. पर ह्येंची खोड अशी, की जगात कायबी तुटलं तरी त्ये सुतानंच जोडायचं. चष्म्याची दांडी तुटली, बांधलं सूत. छत्रीची काडी, खाटंचा पाय, बांधलं सूत. एकदा कोंबडीच्या लंगड्या पायाला सूत गुंडाळून वर खळ लावलीती. खळ म्हंजे धागा कडक व्हावा म्हणून लावत्यात ती पिठाची पेज. ती कोंबडी मग नव्या नवरीगत पाय उचलून अंगणात मिरवायची.

"सारं जग सूतच हाय गं पोरी," म्हणायचं. मी मराठी दुसरीपतूर शिकलेली, मला कोण इचारतंय?

जर्मनच्या लढाईच्या दिसांत आमच्या आळीत इजंची तार आली आन् मला धडकीच भरली. आप्पा मातूर गोऱ्या पलटणीच्या कॅम्पातल्या लिलावातनं कुणा सायबाचा मोडका पंखा खांद्यावर घेऊन आलं. "ह्यो न्हाणीत लावायचा. धूर भाईर ओढंल."

आमची न्हाणी म्हंजे मातीच्या भिंती, एवढासा झरोका, कोपऱ्यात पाणी तापवायचं चुलवण. भिंती बारा म्हयने वल्ल्या. तिथंच मी तान्ह्याला पायावर घेऊन न्हाऊ घालते.

"तिथं नगं वो आप्पा! वायरमनला तरी बलवा की!"

तर हसलं. "वायरमन काय वरनं पडलाय? तार म्हंजे सूतच की. तुटली की गाठ मारायची."

आन् झरोक्यात पंखा बसवला, त्योबी उलटा. बटण दाबलं, तर भाईर जायचा धूर सगळा आमच्याच तोंडावर. सासूबाई ठसकत भाईर पळाल्या, डोळं लाल, कपाळावर राख.

"भावजी, घरचाच धूर हाय का शेजाऱ्यांचाबी आणलासा?"

मग पंखा फिरवून सुलटा बसवला. पर तारंला काय केलतं म्हायतीय? दोन तुकडं मागावरच्या धाग्यागत पीळ घालून जोडलं, वर सूत गुंडाळलं, आन् त्येला खळ लावली. तार टांगली कुठं, तर तांब्या अडकवायच्या खिळ्यावर! अशा माणसाला काय म्हणावं?

एक दिस सकाळी लेकरू पायावर, न्हाणीत वाफच वाफ. तांब्या घ्यायला हात वर केला आन् असा झटका बसला, की हात खांद्यापतूर बधिर, तांब्या तिकडं, मी हिकडं, लेकरू घसरून पाटावर. मी जी वरडले! लेकराला काय झालं न्हवतं, नुसतं रडत हुतं. त्येला छातीशी धरून भाईर आले आन् पयल्यांदाच सासरच्या वडीलधाऱ्या माणसावर तोंड टाकलं.

"आप्पा, माझं लेकरू गेलं असतं की वो! कोंबडी हाय व्हय त्ये?"



मालकांनी वायरमन आणला. त्येनं बघून कपाळाला हात लावला. "खळ वाफंनं भिजली, आन् इज भिंतीत उतरली. तारंला रबर पायजे, न्हाणीत जोड नगं, बटण भाईर पायजे." रबराची तार लढाई संपंपतूर मिळायची न्हवती. त्येनं सगळं तोडून पंखा उतरवला. म्हटलं, बरं झालं, गेली ब्याद.

दुसऱ्या दिशी न्हाणीत बसले, तर धूर आपसूक झरोक्यातनं भाईर चाललेला. वळून बघते तर दारात आप्पा. सुनंकडं नजर जायला नगं म्हणून आमच्याकडं पाठ करून बसलेलं, आन् हात मागं करून सूप हालवत हुतं.

"आता ह्ये काय नवीन खूळ?" पाणी घालणाऱ्या सासूबाईंना मी हळूच इचारलं.

त्यांचा तांब्या थांबला. "भावजींची बायकू हितंच गेली गं. बाळंतीण हुती. शेकायला शेगडी ठिवलेली. वारं लागू नये म्हणून दार बंद, झरोका बंद. धूर कोंडला. भावजी मागावर हुतं, कुणाच्या ध्यानातच आलं न्हाय. दार उघडलं तवा मायलेकी दोघीबी गेलत्या."

लेकराचं न्हाणं झालं, चुलवण इझलं, तरी सूप हालतच हुतं.

"आप्पा, धूर गेला."

"गेला?"

"गेला."

तरी थांबंनात. मग मी म्होरं जाऊन लेकरू त्येंच्या मांडीवर ठिवलं, तवा कुठं त्यो हात थांबला.