किसनआबांचा डावा हात

किसनआबा फाट्यावर दिसले की एसटी थांबायची. करकचून ब्रेक लागायचा, मागची माणसं पुढच्यांच्या अंगावर यायची आणि कंडक्टर दार उघडून ओरडायचा, "चला, बसा लवकर!" आबा थंडपणे विचारायचे, "कुठं?"

"अहो, हात तुम्हीच केला ना?"

"म्या कुठं केला? त्यो तसाच असतोय."

खरंच तसाच असायचा. डावा हात कायम अंगापासून वीतभर बाजूला, पंजा अर्धवट मिटलेला, कुणीतरी येऊन धरणार असल्यासारखा. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला वाटायचं, आबा पापड मागताहेत. तो ठेवायचा आणि आबाही मुकाट्यानं खायचे.

मी आबांच्या गावात मास्तर म्हणून गेलो तेव्हा मला वाटलं, अंगावरून वारं गेलं असावं. विचारलं तर म्हणाले, "मास्तर, कबड्डी खेळलात का कदी?"

"नाही."

"मंग तुमाला साखळी काय कळनार!"

समोरचा गडी चढाईला आला की बचावाचे गडी शेजारच्याचा हात धरतात, ती साखळी. आबांच्या डावीकडं, अगदी कोपऱ्यात, भीमराव उभे राहायचे. ते ओढ्यापलीकडच्या गावचे. दोन गावांची मिळून एकच टीम होती. बौद्ध वस्तीचं पाणी वेगळं असायचं त्या काळात आबांनी भर मैदानात भीमरावांचा हात धरला आणि पुढं वीस वर्षं सोडला नाही. "घरी आल्यावर आई हात धुवायला लावायची," आबा सांगत. "म्या धुयाचो. दुसऱ्या दिवशी पुन्ना धरायचो."

मग नवा जिल्हा झाला. आमचं गाव लातुरात आलं, ओढ्यापलीकडचं उस्मानाबादेत राहिलं. टीमनं जिंकलेली ढाल आता कुठल्या जिल्ह्याची, यावर दोन पक्षांनी दोन सभा घेतल्या. इकडच्यांनी आबांना स्टेजवर बसवलं, तिकडच्यांनी भीमरावांना, आणि दोघांच्याही तोंडून नको ते वदवून घेतलं. ढाल सरकारी कपाटात गेली, पुढाऱ्यांना तिकिटं मिळाली आणि या दोघांचं बोलणं बंद झालं.

"आमच्या खेळात मेलेला गडी गुमान रेषेभायेर बसतोय," आबा म्हणायचे. "ह्यांच्यात इकडं मेला की तिकडच्या टीमातून जित्ता होऊन येतोय!" कुणी पक्ष बदलल्याची खबर आली की आबा बोट वर करून पंचासारखे ओरडायचे, "जित्ता!" त्या वर्षी त्यांचा घसा बसला.

मैदान मात्र मेलं ते मेलंच. पाऊस नव्हता. मातीला अशा भेगा पडल्या होत्या की पोरांचे पाय अडकत. खेळायचं तर माती भिजवायला हवी, आणि इथं प्यायलाच पाणी नव्हतं. आमच्याकडं निदान टँकर यायचा. पलीकडं तोही नाही, कारण आमचा टँकर जिल्ह्याची हद्द ओलांडत नसे. ओढ्यात थेंब नव्हता, तरी तो टँकर अलीकडूनच माघारी वळायचा.

अशात मंत्री दुष्काळ बघायला हेलिकॉप्टरनं येणार असं ठरलं. धूळ उडू नये म्हणून मैदानावर चार टँकर पाणी ओतलं. बायका रिकाम्या घागरी घेऊन बघत उभ्या होत्या. मला हुकूम आला, हेलिकॉप्टर उतरायला फक्कीनं मोठा गोल आखा. मला पोरांच्या स्वागताची रांग लावायची होती, म्हणून मी फक्कीचं पोतं आबांच्या हवाली केलं. ती माझी पहिली चूक.

इतक्या वर्षांनी ओली माती बघून आबांचं भान सुटलं. तासाभरात त्यांनी झकास कबड्डीचं मैदान आखलं. मध्यरेषा, निदानरेषा, सगळं सुतात. आणि दूधवाल्याहाती पलीकडं निरोप धाडला, "माती भिजली. ये."

हेलिकॉप्टर आलं, तीन घिरट्या घालून गोल दिसेना म्हणून निघून गेलं. आमचा पक्ष म्हणाला, आबा विरोधकांना फितूर झाले. विरोधक म्हणाले, मंत्र्यांना उतरायचंच नव्हतं, हा म्हातारा त्यांचाच माणूस. आबांच्या कानावर काही पडत नव्हतं. ते आपल्या जागेवर, हात बाजूला करून, दिवस मावळेपर्यंत उभे होते. माती वाळून पांढरी झाली. भीमराव आले नाहीत.

"न्हाई आला," एवढंच आबा म्हणाले आणि घरी गेले.

पुढं महिन्याभरानं मी कळंबहून येत होतो. पलीकडच्या फाट्यावर एसटी करकचून थांबली. खाली एक म्हातारा उभा.

"चला, बसा लवकर!"

"कुठं?"

त्याचा उजवा हात अंगापासून वीतभर बाजूला होता. मी खिडकीतून ओरडलो, "भीमराव, त्या दिवशी का नाही आलात?"

"आलतो की! ओढ्यातच पोलिसांनी धरलं. म्हनले, काळं झेंडं कुठं दडवलं? पिशवी उघडली तर खेळायची चड्डी निघाली. तरी सांजपातुर बसवून ठिवलं."

एसटी सुटली. घरी आलो तर परीक्षा डोक्यावर, आणि आबांना हे सांगायला मला आठ दिवस लागले. ती माझी दुसरी चूक, आणि ती मला अजून खाते.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कोनचा हात म्हनलात?"

"उजवा."

"मंजी कोपरा सोडला न्हाई त्येनं." त्यांनी डोळे पुसले ते उजव्या हातानं. डावा मोकळा नव्हता.

दुसऱ्या दिवशी एसटी सवयीनं थांबली. कंडक्टर वैतागून दार लावणार, तोच आबा म्हणाले, "थांब की. आज बसायचंय." काखेत पिशवी होती. पिशवीत काय होतं ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी परत आले. "घराला कुलूप हाय," म्हणाले. "पान्यापायी समदी वस्ती उठली. चार दिवस झाले. कुठं गेली, कुनाला ठावं न्हाई."

मी त्यांच्या डाव्या हाताकडं बघितलं. तो सदऱ्याच्या खिशात होता.

त्यानंतर आबा रोज फाट्यावर येऊन उभे राहायचे. एसटी सरळ निघून जायची.