पेटीभोवतीचा फोटो

जॉन मास्तरांना हसताना सांडोर गावात फारसं कोणी पाहिलेलं नव्हतं. अशा माणसाचं नाव विनोदी कार्यक्रमात देऊन टाकायची बुद्धी त्यांच्याच मुलीला, रोवेनाला झाली. हल्लीच्या पोरींना कोण विचारणार? कार्यक्रमाचं नाव ‘हसला तो बाद’. शूटिंग एव्हरशाईन सिटी या जवळच्या वसाहतीतल्या एका हॉलमध्ये, आणि पहिलं बक्षीस जगात कुठंही जायची विमानाची दोन तिकिटं.

तिकिटांचं ऐकून मास्तर तयार झाले. त्यांचा मुलगा फ्लॉईड कॅनडात होता आणि सहा वर्षं घरी आला नव्हता. दर रविवारी फोन करायचा आणि दर रविवारी तेच सांगायचा, “पप्पा, सुट्टीच मिळत नाही.” रोवेनाच्या लग्नात काढलेला घरच्या सगळ्यांचा फोटो घरातल्या हॉलच्या भिंतीवर होता. फ्लॉईड सोडून त्यात सगळे होते. मास्तर जेवताना त्या फोटोकडे पाठ करून बसत. पोरगा येत नाही तर आपण जाऊ, असं त्यांनी ठरवलं.

शेवटच्या फेरीत दोनच टीम उरल्या. एक मास्तरांची, दुसरी एव्हरशाईनच्या नीलेश आणि इशिताची. काम असं होतं, की घरच्या माणसांचा फोटो काढायचा. फोटोत कोणीही हसता कामा नये, पण बघणाऱ्याला हसू आलं पाहिजे. फोटो शनिवारी सकाळी कार्यक्रमाच्या पेजवर टाकायचा. खाली एक अक्षरही लिहायचं नाही, लिहिलं तर बाद.

“कोणीच हसत नाही असा फोटो आपल्याकडे एकच असतो,” मास्तर म्हणाले. “मयताचा.”

यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. गावात कोणी गेलं की शवपेटीभोवती सगळं घर उभं राहतं, फोटो निघतो आणि जे परदेशातून येऊ शकत नाहीत त्यांना पाठवला जातो. प्रत्येक घराच्या अल्बममध्ये असा एक तरी असतोच. या वेळी फरक एवढाच, की पेटीतला माणूस छातीवर जपमाळेऐवजी टीव्हीचा रिमोट घेऊन झोपणार होता. मास्तरांच्या मते हा विनोद होता.

पेटी एरॉलने आणली. एरॉल त्यांचा शाळेपासूनचा मित्र, आणि शवपेट्या बनवणं हा त्याचा धंदा. त्याने मास्तरांना आत झोपवलं, खांदे चाचपले आणि समाधानाने मान हलवली.

“माप बरोबर बसलं, जॉन. ही बाजूला ठेवू का तुझ्यासाठी?”

“गप फोटो काढ.”

मास्तरांच्या पत्नी सालोमीबाईंनी काळी साडी नेसायला आधी साफ नकार दिला होता. “जित्या माणसाला पेटीत बघू मी? तुमची अक्कल गेली काय?” शेवटी लेकीने गळ घातली म्हणून त्या येऊन उभ्या राहिल्या. मास्तरांनी डोळे मिटले आणि त्या खरोखरच रडायला लागल्या. बघून रोवेनाही रडली. एरॉलने नेमका तेव्हाच फोटो काढला. सालोमीबाईंचा पदर पुढे आला होता, त्यात रिमोट झाकला गेला. वेळ संपत आली होती, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. फोटो पेजवर गेला आणि टीम रिक्षाने एव्हरशाईनला. तिथे दारातच सगळ्यांचे फोन काढून घेतले.

नीलेश-इशिताने आपल्या सोसायटीचा फोटो आणला होता. पाण्याच्या टँकरमागे अख्खं कुटुंब बादल्या घेऊन उभं, आणि आजोबांच्या हातात देवघरातलं पंचपात्र. कोणाला अभिनय करावा लागला नव्हता. लोक हसून हसून बेजार झाले. मग मास्तरांचा फोटो पडद्यावर आला आणि हॉल चिडीचूप झाला. पेजवर हसण्याची एक खूण नव्हती. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ मात्र चारशे अकरा. सूत्रसंचालकाने मास्तरांचाच हात हातात घेतला आणि म्हणाला, “फार वाईट झालं, काका. तुमचे कोण होते?”

तिकिटं गेली. मास्तर घरी आले, तर ओटीवर तीस-चाळीस माणसं बसलेली. वटार गावचे नरहरी, मास्तरांच्या शाळेतले जुने सहकारी, मांडीवर पुष्पचक्र घेऊन पहिल्या खुर्चीत होते. मास्तरांना रिक्षातून उतरताना बघून त्यांचा चेहरा पडला.

“म्हणजे तुम्ही आहात,” ते म्हणाले. “मी केळी तोडायची ठेवून आलो.”

मास्तरांनी त्यांची माफी मागितली. आपण जिवंत असल्याची माफी चाळीस माणसांकडे मागायची म्हणजे जरा वेळ लागतो. तेवढ्यात रोवेनाने आपला फोन उघडला. फ्लॉईडचे एकोणीस फोन येऊन गेले होते. खाली एक निरोप होता : ‘मी निघालो. मी येईपर्यंत पेटी बंद करू नका.’

तिने उलट फोन लावला. फ्लॉईडचा फोन बंद होता. तो विमानात बसला होता.

सोमवारी दुपारी फ्लॉईड फाटकातून आत आला. मास्तर ओटीवर उभे होते, सकाळपासून. फ्लॉईडने त्यांच्याकडे बघितलं, बॅग सोडून दिली आणि पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला. रडून झाल्यावर भयंकर चिडला. चिडून झाल्यावर जेवला.

“सहा वर्षं सुट्टी मिळत नव्हती ना?” मास्तरांनी विचारलं.

“बाप गेला म्हटल्यावर दोन मिनिटांत दिली, पाच दिवस,” फ्लॉईड ताटात बघत म्हणाला. “बाप जिवंत असला तर नाही देत.”

सालोमीबाई वाढता वाढता थांबल्या. “मग उद्या खरंच काही झालं तर?”

“ऑफिसच्या कागदावर पप्पा गेलेत, मम्मी. दुसऱ्यांदा कुठली सुट्टी?”

 शेजारी जेवायला बसलेला एरॉल पाणी प्यायला.

“आणि अजून एक आहे,” फ्लॉईड खाली मान घालून म्हणाला. “पुरावा मागतात. अंत्यविधीचा फोटो चालेल म्हणाले. तुमच्या फोटोत मी नाही.”

एरॉलने मुकाट्याने पुन्हा पेटी आणली. सालोमीबाईंनी या वेळी न सांगता काळी साडी नेसली. मास्तर आत झोपले. फ्लॉईड अगदी जवळ उभा राहिला आणि त्याने एक हात वडिलांच्या खांद्यावर ठेवला. सगळ्यांचे चेहरे मयताला शोभतील असेच होते, त्यासाठी कोणालाही खटपट करावी लागली नाही. एरॉलने फोन वर धरला, मग खाली केला. पुन्हा धरला, पुन्हा खाली केला.

“काय झालं, अंकल?” रोवेनाने विचारलं.

“तुझ्या बापाला सांग,” एरॉल म्हणाला, “हसायचं बंद कर म्हणावं.”