रेमी मॅडमचं ग्रंथपाल प्रशिक्षण

पुस्तकाला खरा धोका वाचणाऱ्यापासून असतो. वाळवी पुस्तक खाते, पण पानं दुमडून ठेवत नाही. वादळ पुस्तक नेतं, पण दुसरा भाग मागायला परत येत नाही. ही जाण ठेवूनच आमच्या प्रांतातल्या शालेय ग्रंथ संरक्षण व प्रसार मंडळानं शिक्षकांना ग्रंथपाल बनवण्याचं पाच दिवसांचं प्रशिक्षण सुरू केलं. (मंडळाच्या नावातला 'प्रसार' हा शब्द तूर्त स्थगित आहे.)

फिलिपिन्समधल्या बिकोल किनाऱ्यावरच्या आमच्या शाळेतून एक नाव पाठवायचं होतं. मुख्याध्यापक प्रुदेन्सिओ सरांनी शिक्षकांच्या खोलीत नजर फिरवली आणि ती रेमेडिओस बाल्दोविनो ऊर्फ रेमी मॅडमवर येऊन थांबली.

"मॅडम, तुम्ही जा."

"मी? सर, मी गणित शिकवते."

"तुम्हाला चष्मा आहे. शिवाय तुम्ही कधी नाही म्हणत नाही."

दुसरं कारण खरं होतं. पण रेमी मॅडम मनातून खूशच होत्या. शाळेत गोष्टींची चारशे बारा पुस्तकं नऊ वर्षं खोक्यांत पडून होती आणि त्यांच्या पाचवीतल्या चौतीस मुलांनी क्रमिक पुस्तकाशिवाय दुसरं काही हातात धरलं नव्हतं. पुस्तक मुलांपर्यंत कसं पोचवायचं ते आता शिकायला मिळणार, असा त्यांचा समज झाला. तो दूर व्हायला तीन दिवस लागले.

पहिला दिवस प्रार्थना, राष्ट्रगीत, प्रांतगीत, मंडळगीत आणि सहा स्वागतपर भाषणं यांत गेला. प्रत्येक भाषणानंतर झोप उडवण्यासाठी बासष्ट शिक्षकांना उभं करून नाचवण्यात आलं. पान्सितच्या शेवया मात्र उत्तम होत्या.

दुसऱ्या दिवशी वर्गीकरण. त्यासाठी पुस्तकं मिळू शकली नाहीत, कारण ती मंडळाच्या मोहोरबंद गोदामात होती आणि मोहोर तोडायला प्रशिक्षित ग्रंथपालाची सही लागत होती. (असे बासष्ट ग्रंथपाल शुक्रवारी तयार होणार होते, पण तो मंगळवार होता.) तेव्हा प्रमुख प्रशिक्षक डॉक्टर लेऑनिदेस सर म्हणाले, "वस्तू महत्त्वाची नाही, शिस्त महत्त्वाची. चपला काढा."

एकशे चोवीस चपलांचं विषयवार वर्गीकरण झालं. एका लाल चपलेवर क्रूस कोरलेला होता म्हणून ती धर्मात जावी, की तळाला चिखल होता म्हणून भूगोलात, यावर चाळीस मिनिटं वाद होऊन मतदान झालं. रेमी मॅडमच्या गटाचा पहिला नंबर आला. पलीकडच्या गावचे कवायतीचे तेओफिलो सर तेवढे अनवाणी फिरत होते.

"मॅडम, माझी डावी इतिहासात गेली आणि उजवी शेतीत. आता घरी कसा जाऊ?"

"नोंद बघून मागा."

"मागितली. म्हणाले, फक्त तिथेच बसून वापरता येईल."

तिसऱ्या दिवशी ग्रंथसंरक्षण. पडद्यावर पुस्तकांच्या शत्रूंचा तक्ता आला : वाळवी चार टक्के, ओल सात टक्के, वादळ अकरा टक्के, विद्यार्थी अठ्ठ्याहत्तर टक्के. रेमी मॅडमनी भीत भीत हात वर केला.

"सर, एखाद्या मुलानं पुस्तक घरी मागितलं तर?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "फार चांगला प्रश्न, मॅडम. पण मूल या थराला गेलंच कसं?"

रेमी मॅडम प्रमाणपत्र घेऊन परतल्या. सोमवारी त्यांनी खोकी फोडली, जुन्या वहीत यादी केली आणि दुपारपर्यंत चौतीस पुस्तकं चौतीस घरी गेली. गुरुवारी लिवायवाय नावाची कोळ्याची मुलगी आपलं पुस्तक घेऊन आली. ते फुगलं होतं, त्याला सुक्या मासळीचा वास येत होता आणि बाराव्या पानावर एक खवला चिकटला होता.

"मॅडम, आजी म्हणते दुसरा भाग द्या."

"आजीला वाचता येतं?"

"नाही ना! म्हणून तर माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. घसा बसला माझा."

रेमी मॅडमनी तो खवला काढला नाही.

तीन आठवड्यांनी मंडळाच्या तपासनीस एस्पिरितू मॅडम आल्या. त्यांनी रिकाम्या फळ्या पट्टीनं मोजल्या.

"पुस्तकं?"

"मुलांकडे आहेत. एकशे एकोणीस."

"गहाळ," असं म्हणत त्या लिहू लागल्या.

"गहाळ नाहीत, वाचायला नेलीत."

"तसा रकाना नाही." रकाने चारच होते : जागेवर, गहाळ, वाळवी, वादळ.

प्रुदेन्सिओ सरांना घाम फुटला. "रेमी मॅडम, वादळ लिहू या. गेल्या महिन्यात येऊन गेलंय, त्याला कुठे कळणार आहे?"

"नाही," रेमी मॅडम म्हणाल्या. वीस वर्षांच्या नोकरीतला त्यांचा हा पहिला 'नाही'. सर खुर्चीतच बसले. मॅडमनी पट्टी मागून घेतली, कागदावर पाचवा रकाना आखला आणि त्यावर 'वाचायला नेली' असं लिहिलं. रेघ सरळ आली. गणिताच्या शिक्षिका होत्या.

अनधिकृत रेघेमुळे कागद रद्द झाला. सत्तेचाळीस शाळांत आमची शाळा सत्तेचाळिसावी आली. रेमी मॅडमचं ग्रंथपालपद गेलं, त्यांना पुन्हा प्रशिक्षणाला बसवण्यात आलं आणि ग्रंथालयाला मोहोर लागली. आता बाहेर राहिलेली एकशे एकोणीस पुस्तकं परत घ्यायची कुठे, हा प्रश्न उरला. बंद ग्रंथालयात परत करण्याची पद्धत अस्तित्वात नसल्यानं ती घरोघर फिरू लागली. शनिवारी दुपारी लिवायवायच्या ओसरीवर बायका मासे साफ करत बसतात आणि ती घसा खाकरून वाचते. रेमी मॅडमही जातात, सुरी घेऊन. मंडळाला याची कल्पना नाही, कारण ती पुस्तकं गहाळ आहेत.

आदर्श ग्रंथालयाचा मान शेजारच्या गावच्या शाळेला मिळाला. तिथलं एकही पुस्तक मुळात उघडलेलंच नाही. पानं अजून एकमेकांना चिकटलेली, धूळ सगळीकडे सारखी. या यशानं उत्साहित होऊन मंडळ यंदापासून खासगी घरांचाही विचार करणार आहे. निकष तेच : काचेचं कपाट, एका उंचीचे संच, पाहुण्यांना दिसतील अशी नावं आणि एकाही पुस्तकाला न पडलेली घडी. वाचकांनी अर्ज करण्याची तसदी घेऊ नये. तुमच्या दिवाणखान्याची पाहणी झालेली आहे, अभिनंदन.